तीन बाय साडेचार फुटांच्या संडासात कोणता कमोड घ्यावा

वॉल-हंग म्हणजे भिंतीला टांगलेला कमोड जागा वाचवतो, हे सॅनिटरीच्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. ब्रोशरमध्ये ४८ ते ५२ सेंमी लांबी छापलेली असते आणि ती खोटी नसते. पण टाकी लपवायची तर लोखंडी फ्रेम, तिच्यावरचा सिमेंट बोर्ड आणि वरची लादी मिळून भिंतच साधारण १५ सेंमी पुढे येते. म्हणजे झाले ६३ ते ६७. साधा टू-पीस, म्हणजे मागे वेगळी टाकी बसवलेला कमोड ६२ ते ६८ सेंमीत बसतो. पणजी, म्हापसा, मडगावच्या जुन्या फ्लॅटमध्ये संडास बऱ्याचदा तीन बाय साडेचार फुटांचा असतो. तिथे एवढी फोडाफोड करून गुडघ्यांसमोर दोन-चार सेंमीच वाढणार असतील, तर तो व्यवहार पटण्यासारखा नाही.

वॉल-हंगचे दोन फायदे मात्र खरे आहेत. खालची फरशी मोकळी राहते, त्यामुळे कोपऱ्यात पोछा नीट फिरतो. आणि बैठकीची उंची आपल्याला हवी तशी ठेवता येते. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांसाठी ४० ऐवजी ४५ सेंमी उंची हा रोज जाणवणारा फरक आहे. घरात असं कोणी असेल तर फ्रेमचा खर्च वाया जात नाही. मात्र फ्रेम पायांवर उभी राहणारी आणि स्लॅबला बोल्ट केलेली हवी. नुसत्या चिऱ्याच्या भिंतीला टांगू नका. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र आणि मऊ असतो. हॅमर मोडवर ड्रिल केलं की भोक रुंदावतं आणि फास्टनर काही महिन्यांत हलू लागतो. 'भिंत कोरून टाकी आत घालू' असं मिस्त्री म्हणाला तर जुन्या घरात त्याला तिथेच थांबवा. ९ इंची चिऱ्याच्या भिंतीवर भार असतो, तिचे ६ इंच काढून चालत नाही.

वनपीस, म्हणजे टाकी आणि कमोड एकसंध असलेला, दिसायला सगळ्यात देखणा. सांधा नाही, पुसायला सोपा. पण लांबी ६५ ते ७२ सेंमी. साडेचार फूट म्हणजे १३७ सेंमी, त्यातून ७० गेले की समोर ६७ उरतात. दोन फुटी पीव्हीसी दार आत उघडत असेल तर त्याला जवळपास तेवढीच जागा लागते, म्हणजे माणसाने उभं राहायचं कुठे? दार बाहेर उघडणारं करून घेतलं तरच वनपीसचा विचार करा. शिवाय टाकीच्या आतले भाग बहुतेक वेळा त्या त्या मॉडेलचेच लागतात. आठ वर्षांनी ते मॉडेल बंद झालं तर एका वॉशरसाठी हिंडावं लागतं. बरेच वनपीस सायफन पद्धतीचे (मैला खेचून नेणारे) असतात: आवाज कमी, पण आतली वाट अरुंद. सेप्टिक टँकला जोडलेल्या घरात वॉशडाउन पद्धतीचा (पाण्याच्या जोराने ढकलणारा) कमोड बरा, कारण त्याची वाट रुंद असते आणि तो कमी तुंबतो. गोव्यात अजून बहुतेक घरं सेप्टिक टँकवरच आहेत.

तीन बाय साडेचारसाठी आमची पसंती जुन्या वळणाच्या ईडब्ल्यूसीला (युरोपियन वॉटर क्लोझेट), म्हणजे सुटा कमोड आणि भिंतीवर वेगळी स्लिम पीव्हीसी टाकी. कमोड ४८ ते ५२ सेंमी, मागे जोडणीसाठी ४-५, एकूण ५७ च्या आत. वनपीसपेक्षा किमान ८ सेंमी वाचतात, भिंत फोडावी लागत नाही आणि टाकीचा कुठलाही भाग गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. देखणेपणात हा मागे पडतो आणि फ्लशचा आवाजही जास्त, हे मान्य. टाकीचा तळ कमोडच्या कडेपासून साधारण ३० सेंमी वर ठेवा. सोबत आलेला फ्लश पाइप कापून टाकी खाली आणली की धार मंदावते, आणि दोष विनाकारण कमोडला दिला जातो. सीटचं झाकण उभं राहतं का, हेही टाकी ठोकण्याआधी पाहा. उभ्या रेषेच्या थोडं मागे न झुकणारं झाकण सारखं खाली पडतं.

दुकानात जाण्याआधी तीन मापं घ्या. पहिलं रफ-इन. एस-ट्रॅपमध्ये निकास जमिनीत जातो, म्हणून मागच्या भिंतीच्या लादीपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंत मोजायचं. बाजारात ते साधारण १००, २२५ आणि ३०० मिमी असं मिळतं. पी-ट्रॅपचा निकास भिंतीत जातो, तिथे तयार फरशीपासून पाइपच्या मध्याची उंची मोजायची. जमिनीवरच्या कमोडला ती १८० मिमीच्या आसपास लागते, वॉल-हंगला २२० ते २३०. जुन्या १८० च्या निकासावर वॉल-हंग आणला तर पाइप फोडावाच लागतो. जुना कमोड जागेवर असताना एस-ट्रॅपचा मध्य दिसत नाही. पाइप स्लॅबखालून गेला असेल तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या संडासाचं छत बघून अंदाज येतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती लादीवर लादी चढवताना. ८ मिमी लादी आणि ४ मिमी ॲडहेसिव्ह मिळून भिंत १२ मिमी पुढे येते, २२५ चं रफ-इन २१३ होतं आणि २२५ चा कमोड मागे सरकतच नाही, टाकी भिंतीला अडते. उलट पाइप ३०० वर आणि कमोड २२५ चा असेल तर तो बसतो, पण मागे ७५ मिमी फट राहते आणि समोरची तेवढी जागा जाते. थोडा फरक ऑफसेट पॅन कनेक्टरने (मध्य बाजूला सरकवणाऱ्या जोडतुकड्याने) भरून काढता येतो, पण त्याने वाट अरुंद होते. नाइलाज असेल तरच वापरा.

दुसरं माप रुंदीचं. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत ३८ सेंमी मिळाले तर बसायला ऐसपैस, ३५ च्या खाली गेलं की खांदा लागतो. तिसरं पाण्याच्या दाबाचं. टाकीची पातळी १ मीटर वर म्हणजे ०.१ बार. सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीतली टाकी दोन-अडीच मीटरच वर असते, म्हणजे ०.२ ते ०.२५ बार. काही फिल व्हॉल्व्हना (फ्लशच्या टाकीत पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हना) ०.५ लागतात, त्यामुळे फ्लशची टाकी भरायला फार वेळ जातो. खोक्यावरचा हा आकडा वाचूनच घ्या.

जुना कमोड काढताना आधी स्टॉपकॉक बंद करा, फ्लश करा, उरलेलं पाणी कपड्याने टिपा. तळाचा व्हाइट सिमेंटचा सांधा छिन्नीने किंवा ४ इंची ग्राइंडरने हळू मोकळा करायचा, डोळ्यांवर गॉगल हवाच. इथे घाई झाली की जमिनीतल्या पाइपचं तोंड तडकतं, आणि मग खालच्यांच्या छताला ओल येते. कमोड उचलताच पाइपमध्ये कपड्याचा बोळा घाला. त्याला सुतळी बांधून तिचं टोक बाहेर ठेवा. सिमेंटचे तुकडे आत पडले तर नवा कमोड पहिल्याच आठवड्यात तुंबतो.

नवा कमोड आधी कोरडाच ठेवून बघा. कडेवर लेव्हल लावा, दार उघडून-मिटून पाहा, वर बसून पाहा. मग भोकांतून पेन्सिलने खुणा करा. लादीतून आरपार भोक पडेपर्यंत टाइल बिट लावा आणि ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा. प्लगच्या लांबीपेक्षा खोल जाऊ नका, खाली वॉटरप्रूफिंग आहे. भोकात आधी सिलिकॉन भरा, मग प्लग. स्क्रू आलटूनपालटून आवळा, मध्ये प्लास्टिकचा वॉशर ठेवा. चिनी माती एका जास्तीच्या आवळणीने तडकते. टाकीचे स्क्रू चिऱ्यात जाणार असतील तर हॅमर न लावता बारीक बिटने भोक पाडा. हाताला धरायचा बार लावायचा असेल तर जाळीदार स्लीव्ह आणि केमिकल अँकरच (रसायनाने भोकात चिकटणारा बोल्ट) वापरा, कारण त्या बारवर माणसाचा सगळा भार येतो.

खाली व्हाइट सिमेंट भरू नका. पुढच्या वेळी काढताना कमोड फुटतो. भोवती सिलिकॉन पुरे, पण मागे दोन इंच उघडे ठेवा, म्हणजे गळती झाली तर पाणी तिथून बाहेर दिसेल. सिलिकॉन ओल्या लादीला धरत नाही. चतुर्थीच्या आधी घराघरांत डागडुजी निघते, ती नेमकी भर पावसात. फरशी आदल्या दिवसापासून कोरडी ठेवा, काम झाल्यावर २४ तास वापर नको. नंतर टाकीत थोडी निळी शाई टाकून अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये निळं उतरलं तर आतला सील गळतो आहे.

अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) कमोडच्या कडेपासून १० सेंमी बाजूला हवा, मागे गेला तर हात पोचत नाही. समुद्राजवळच्या घरात सीटचे बिजागर आणि स्क्रू एसएस ३०४ चे किंवा पितळी घ्या, बाकीचे दोन पावसाळ्यांत गंजतात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी असेल तर त्यातल्या लोहाने कडेखाली तांबूस ओघळ येतात. तिथे रिमलेस (आत वळलेली कड नसलेला) कमोड घेतला तर ब्रश सगळीकडे पोचतो. डाग सायट्रिक ॲसिडने काढा, कडक ॲसिड लादीचं ग्राउट खातं. फिल व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती दर सहा महिन्यांनी काढून धुवा. फ्लशची टाकी भरायला वेळ लावू लागली की पहिल्यांदा तीच बघायची.