म्युझस्कोअर आणि दोन स्टाफांवर फिरणारा पियानो

पियानोच्या लिखाणात एकच स्वरमालिका डाव्या हाताच्या स्टाफवर (स्वर लिहायच्या पाच रेघांच्या पट्टीवर) सुरू होऊन उजव्या हाताच्या स्टाफवर संपते, असे प्रसंग वारंवार येतात. फ्रेंच संगीतकार क्लोद दब्यूसीच्या 1891 साली प्रसिद्ध झालेल्या 'आराबेस्क' नावाच्या दोन पियानो-रचनांपैकी पहिली ज्यांनी वाजवली आहे, त्यांना सुरुवातीलाच खालून वर चढत जाणारी ट्रिपलेटची (दोन स्वरांच्या वेळात वाजवायच्या तीन स्वरांच्या गटांची) रांग आठवत असेल. कागदावर हे लिहिणे सोपे असते, कारण पेन्सिलीला स्टाफची हद्द नसते. संगणकाला मात्र प्रत्येक स्वर कोणत्या तरी एका स्टाफच्या खात्यावर लिहावा लागतो. नोटेशनच्या, म्हणजे स्वरलेखनाच्या, सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची तर ती इथेच घ्यावी, असे माझे मत आहे. विद्यार्थ्यांसाठी पियानोचे स्वाध्याय लिहिताना मी म्युझस्कोअर या अशाच सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरतो आणि हे परीक्षण केवळ या एका कामापुरते आहे.

उदाहरणादाखल चार-चार तालातले, म्हणजे चार मात्रांचे, एक माप (दोन उभ्या रेघांमधला भाग) घेऊ. त्यात ट्रिपलेटचे चार गट, म्हणजे बारा स्वर आहेत. प्रत्येक गटातला पहिला स्वर डाव्या हाताने आणि उरलेले दोन उजव्या हाताने वाजवायचे आहेत. सुरुवातीला मी प्रत्येक स्वर ज्या हाताचा, त्या हाताच्या स्टाफवर लिहू लागलो आणि दहा मिनिटांत दोन्ही स्टाफ अर्धवट ट्रिपलेटांनी आणि विरामांच्या (काही न वाजवण्याच्या) खुणांनी भरून गेले. दोष माझ्या समजुतीचा होता. योग्य रीत अशी, की बाराच्या बारा स्वर आधी बास स्टाफवरच, म्हणजे डाव्या हाताच्या खालच्या स्टाफवरच, लिहावेत. वरचे स्वर स्टाफबाहेर जोडलेल्या अधिक रेघांच्या शिडीवर चढून बेढब दिसतात, पण तिकडे तूर्त लक्ष देऊ नये. मग वर जायचे स्वर कंट्रोल दाबून एकेक निवडावेत आणि कंट्रोल, शिफ्ट व वरचा बाण एकत्र दाबावेत. निवडलेले स्वर ट्रेबल स्टाफवर, म्हणजे उजव्या हाताच्या वरच्या स्टाफवर, जातात, तिथल्या क्लेफप्रमाणे (कोणत्या रेघेवर कोणता स्वर हे ठरवणाऱ्या खुणेप्रमाणे) आपापली जागा घेतात आणि अधिक रेघा नाहीशा होतात. खालच्या बाणाने तेच स्वर परत येतात. बीम, म्हणजे गटातल्या स्वरांना जोडणारी जाड रेघ, दोन स्टाफांच्या मधल्या मोकळ्या जागेत यावा, खालच्या स्वरांच्या दांड्या (स्वराला जोडलेल्या उभ्या रेघा) वर आणि वरच्यांच्या खाली जाव्यात, ही छापील पियानो-लिखाणाची जुनी पद्धत आहे. बीम तिथे नसेल तर एक्स कळीने त्याची बाजू बदलता येते किंवा त्याचे हँडल ओढून तो हवा तिथे नेता येतो.

या रीतीमागचा विचार मला पटला आहे. वर गेलेला स्वर दिसतो ट्रेबल स्टाफवर, पण हिशेबाने तो बास स्टाफच्याच आवाजाचा (एका स्टाफवर स्वतंत्रपणे चालणाऱ्या स्वरांच्या धाग्याचा) राहतो. सासरी गेलेल्या लेकीचे नाव माहेरच्या रेशनकार्डावर राहावे, तसे हे आहे. त्यामुळे मापातल्या मात्रांची बेरीज बिघडत नाही, ट्रिपलेट फुटत नाही आणि ऐकतानाही काही फरक पडत नाही. लिहिणाऱ्याला मात्र हाताऐवजी आवाजाचा विचार करण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि पियानो वाजवणाऱ्याला ती सहज लागत नाही.

याच हिशेबाचा एक तिरपा परिणाम होतो. ट्रेबल स्टाफचे माप हिशेबाने रिकामेच असल्याने त्यात पूर्ण मापाचा विराम तसाच राहतो आणि वर गेलेल्या स्वरांच्या गर्दीत उभा दिसतो. पहिल्या आवाजातला विराम खोडता येत नाही. तो निवडून व्ही दाबला की लपतो, म्हणजे पडद्यावर करडा दिसतो आणि छपाईत येत नाही. एकदा मी हे विसरलो आणि पाने छापून वाटलीही. एका मुलीने त्या मापाशी येऊन उजवा हात मांडीवर ठेवला आणि शांतपणे विचारले, "सर, इथे विराम आहे ना?" तिचे वाचन बिनचूक होते.

मर्यादा खऱ्या जाणवतात त्या स्वरपुंजांच्या, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या, बाबतीत. एकाच दांडीवरचे तीन स्वर असतील आणि त्यातला एकच वरच्या स्टाफवर न्यायचा असेल, तर सगळा पुंज एकत्र हलतो. अशा वेळी तो स्वर वेगळ्या आवाजात लिहावा लागतो आणि दांड्या हाताने जुळवाव्या लागतात. स्वर जातो तोही त्याच वाद्याच्या शेजारच्या स्टाफवरच. जर्मन संगीतकार शुमानच्या अठ्ठावीसाव्या ओपसमधला (कृतिक्रमांकातला) 'रोमान्स' नावाची दुसरी पियानो-रचना तीन स्टाफांवर लिहिलेली आहे. तशा रचनेसाठी पियानोला तिसरा स्टाफ जोडता येतो, पण तळाचा स्वर मधला स्टाफ ओलांडून थेट वर नेता येत नाही.

नोटेशनच्या इतर सॉफ्टवेअरांविषयी थोडक्यात सांगतो. 2016 साली आलेल्या डोरिकोत हेच काम एन आणि एम या एकेका कळीने होते, मात्र त्याची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते. लिलीपाँड फुकट आहे, पण त्यात स्वर मजकुरासारखे टंकावे लागतात आणि स्टाफ बदलण्याची आज्ञाही ओळीतच लिहावी लागते. ज्यांना प्रोग्रॅमिंगची आवड आहे त्यांना ते आवडेल, मला आवडले नाही. फिनाले निवडावे का, हा प्रश्नच उरलेला नाही, कारण ऑगस्ट 2024 मध्ये त्याचा विकास थांबवल्याची घोषणा झाली. म्युझस्कोअर फुकट आणि मुक्तस्रोत आहे, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना मी पाठवलेली फाइल काही खर्च न करता उघडता येते आणि बोटांचे क्रमांक आपापले घालता येतात. आठवड्याला दोन-तीन पाने लिहिणाऱ्या शिक्षकाला मी हेच सुचवेन. ज्याला एकेका दांडीवरचे पुंज दोन स्टाफांत विभागून शंभर पानांचा संग्रह छापखान्यात द्यायचा आहे, त्याने आधी आपले सर्वांत अवघड पान यात लिहून पाहावे आणि दांड्या जुळवायला किती वेळ लागला, ते घड्याळ लावून मोजावे.