२०२५ ची माझी माणसं आणि अप्पा बळवंत चौकातलं बाइंडिंगचं दुकान

वर्षभर ज्या माणसांच्या बातम्या वाचून मी खरंच हरखून गेले त्यांची पेपरातली कात्रणं मी जपून ठेवते आणि जानेवारीत त्याचं पुस्तक बांधून घेते. मागच्या वर्षी घराजवळ एका ठिकाणी दिलं होतं तर त्यांनी सगळा गठ्ठा सरळ मशिनखाली घालून कडा कापल्या, कात्रणांच्या तारखाच गेल्या, इतकं वाईट वाटलं की काय सांगू. म्हणून यंदा पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत एक लहानसं दुकान शोधून काढलं.

तिथल्या काकांनी आधी एकेक पान उलटून बघितलं. म्हणाले, "ताई, कात्रणं चिकटवली की पुस्तक पुढून फुगतं, पाठीत बारीक राहतं आणि मग दोरा तुटतो." त्यावर त्यांनी शिवायच्या बाजूला मध्ये मध्ये कोऱ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या घातल्या, म्हणजे दोन्हीकडे जाडी सारखी. शिलाई हाताने, आणि कापाकापी अजिबात नाही. आता पुस्तक टेबलावर ठेवलं की सपाट उघडतं!

याचा फायदा पहिल्याच पानावर दिसतो. ते मी अमोल मुझुमदार सरांना दिलंय. १९८८ साली शाळेच्या मॅचमध्ये सचिन आणि कांबळीने ६६४ रन्सची पार्टनरशिप केली तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे हे. पुढे फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन्स केल्या तरी भारताकडून एकही मॅच मिळाली नाही, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत त्यांच्या कोचिंगखाली आपल्या मुली साउथ आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाल्या. कॅप्टन हरमनप्रीत वाकून सरांच्या पाया पडतेय तो फोटो दोन पानांवर आडवा चिकटवलाय, साध्या बाइंडिंगमध्ये तिचा हात पाठीच्या घडीत गेला असता, इथे पूर्ण दिसतो. मी तो रोज एकदा उघडून बघते.

त्याच्या मागे त्याच टीममधली जेमिमा रॉड्रिग्ज, सेमीफायनलची नाबाद १२७. तिसऱ्या नंबरवर जायचंय हे तिला बॅटिंगच्या पाचेक मिनिटं आधी कळलं होतं म्हणे, आणि शंभर झाल्यावरही तिने सेलिब्रेट केलं नाही कारण मॅच संपली नव्हती. मग नागपूरची दिव्या देशमुख, १९ वर्षांची, जुलैमध्ये बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली आणि एकही नॉर्म (ग्रँडमास्टर व्हायला एरवी स्पर्धांमध्ये करून दाखवावी लागते ती कामगिरी) नसताना थेट ग्रँडमास्टर. जिंकल्यावर आईच्या गळ्यात पडून रडली तो फोटो आहे. अंतराळवीर शुभांशु शुक्ला पण आहेत, पण त्यांचं एकच पान.

शेवटची पानं खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांची, २० मेला इथे पुण्यातच गेले. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली हे सगळ्यांनाच माहीत असतं, मला मात्र त्यांची पोस्टकार्डाची सवय फार आवडते. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट पाठवतो. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि शाळेतल्या पोराच्या प्रश्नाला स्वतः उत्तर लिहायचा. हे वाचताना काका शिवायचे थांबले आणि त्यांनी ते कात्रण पूर्ण वाचलं, मग विचारलं, इथे एक कोरं पान ठेवू का? ठेवलंय. माझी भाची चौथीत आहे, तिचा प्रश्न त्यावर लिहून घेणार आहे.

चुका सांगायच्या तर आठ दिवस म्हणाले आणि बारा लागले, आणि कव्हरवरचं २०२५ सोनेरी हवं होतं ते पिवळट आलं. पैसे ४५० घेतले, हाताच्या शिलाईला मला तरी कमीच वाटले. गाडी लावायला जागा मिळत नाही, मंडई मेट्रोला उतरून चालत जा, आणि जाताना कात्रणं पानाच्या एकाच बाजूला चिकटवून न्या, डिंक पातळ वापरा, काका जाड डिंकावर फार वैतागतात.