सात महिने, तीन बॅच: ब्रूडर चांगला, सोबतच्या ड्रिंकरनं छळलं

गेल्या आठवड्यात कोंबडीच्या तिसऱ्या बॅचची पिल्लं बाहेरच्या खुराड्यात गेली. रिकामा ब्रूडर, म्हणजे लहान पिल्लांना उबेत वाढवायचा डबा, धुवायला काढला तेव्हा तळाचा एक कोपरा पिवळट पडलेला दिसला. कितीही घासला तरी तो डाग जात नाही. ब्रूडरच्या सेटसोबत आलेला ड्रिंकर (पिल्लांचं पाण्याचं भांडं) पहिल्या बॅचला मी त्याच कोपऱ्यात ठेवत होते. त्या डागानं सगळं परत आठवलं, म्हणून हे लिहिते आहे. सेटमध्ये डबा, जाळीचं झाकण, पिल्लांना ऊब देणारी गरम प्लेट, फीडर (खाद्याचं भांडं) आणि ड्रिंकर येतं.

पहिली बॅच १५ पिल्लांची होती, घरातल्या मागच्या खोलीत. चार दिवस काही जाणवलं नाही. पाचव्या दिवसापासून वास यायला लागला आणि दहाव्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर डोळे चुरचुरले. सासूबाईंना दमा आहे. त्यांनी तक्रार केली नाही, पण त्या बाजूचं दार दिवसभर लावून ठेवायला लागल्या. मला फार वाईट वाटलं.

मग मी एक दिवसाआड डब्यात अंथरलेला सगळा भुसा, म्हणजे पिल्लांची गादी, बदलायला लागले. सहा आठवडे पुरेल म्हणून आणलेला भुसा दोन आठवड्यांत संपला. चांगला कोरडा भुसाही ओल्याबरोबर टाकून द्यावा लागत होता, याचा मला वासापेक्षा जास्त राग येत होता. कुणीतरी खायचा सोडा भुरभुरायला सांगितलं, तोही टाकला, तर वास आणखी चढला. कारण नंतर कळलं. विष्ठेतल्या युरिक ॲसिडपासून जिवाणू अमोनिया बनवतात आणि त्यांना त्यासाठी ओल लागते. वर सोडा किंवा चुना टाकला की गादी अल्कलीकडे झुकते आणि अडकलेला अमोनिया उलट हवेत सुटतो. आपल्या नाकाला झोंबेपर्यंत तो पिल्लांच्या श्वासनलिकेला लागायला लागलेला असतो. आपण उभ्यानं वास घेतो, ती तर त्याच गादीवर झोपतात.

त्या आठवड्यात हा अनुभव लिहिला असता तर अख्ख्या सेटला नावं ठेवली असती, आणि ते चुकीचं झालं असतं.

दोष सापडला तो सासूबाईंना. एका दुपारी त्या स्वतः खोलीत आल्या, प्लेटखालचा भुसा मुठीत दाबला, मूठ उघडली, भुसा मोकळा होऊन पडला. मग ड्रिंकरजवळचा दाबला, त्याचा गोळा तसाच राहिला. म्हणाल्या, "अगं, वास पिल्लांचा नाही, पाण्याचा आहे." मुठीची ही परीक्षा मी आता रोज सकाळी करते.

रात्री ड्रिंकर भरून रिकाम्या खोलीत कागदावर ठेवला. सकाळी कागद कोरडा. म्हणजे गळत नव्हता. मग डब्याशेजारी तासभर बसून पाहिलं. पिल्लं उकरतात, भुसा उडून ड्रिंकरच्या कडेच्या पन्हळीत पडतो, ओला होऊन काठावर चढतो आणि बाहेरच्या गादीला टेकतो. तो झाला वातीसारखा. पन्हळीतलं पाणी त्या वातीतून हळूहळू गादीत उतरतं, पातळी खाली गेली की वरच्या बाटलीतून नवीन पाणी येतं. बाटली संपेपर्यंत हे चालूच. पन्हळ रुंद आणि काठ बुटका, त्यामुळे पिल्लं त्यात उभीही राहतात आणि तिथंच घाण करतात.

कंपनीला फोटोंसह कळवलं. उत्तर आलं की ड्रिंकर गळत नसेल तर तो दोष धरता येत नाही. तीनदा समजावलं, तीनदा तेच उत्तर. काठ दोन बोटं उंच केला असता तर माझा निम्मा भुसा वाचला असता, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

दुसऱ्या बॅचला (२० पिल्लं) ड्रिंकर एका पसरट ट्रेवर जाळी टाकून त्यावर ठेवला आणि पन्हळीचा काठ पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणला. पिल्लं वाढतील तसं खाली लाकडाचे तुकडे घालत गेले. सांडलेलं पाणी ट्रेमध्ये पडायचं, रोज ओतून द्यायचं. पहिल्या पाच दिवसांतच फरक कळला. आता रोज गादी हातानं खालीवर करते, प्लेटखालची घट्ट झालेली खपली खरवडून काढते, वरून मूठभर नवा भुसा टाकते. पूर्ण गादी तिसऱ्या आठवड्याला एकदाच बदलली. तिसऱ्या बॅचला सरळ निपल ड्रिंकर लावला, म्हणजे चोच टेकवली की थेंब थेंब पाणी देणारा. पहिल्या दिवशी दोन-तीन पिल्लांची चोच निपलला टेकवली, बाकीची त्यांचं बघून शिकली. सासूबाईंच्या बाजूचं दार उघडं राहिलं.

कोरड्या गादीचं मोल फक्त वासापुरतं नाही. रक्ती हगवणीची (पिल्लांच्या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा आजार) विष्ठेतून पडणारी बीजं ओल्या, उबदार गादीत एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात.

प्लेटबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहायचं आहे. २५० वॅटचा बल्ब दिवसरात्र लावला तर रोज ६ युनिट जातात. ही प्लेट २२ वॅटची, म्हणजे रोज जेमतेम अर्धा युनिट. बल्ब पडून आग लागायची भीती नाही, रात्री पिल्लांना अंधार मिळतो. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश आणि मग दर आठवड्याला ३ अंश कमी, हा नियम बल्बचा. प्लेट पाठीला टेकून ऊब देते, त्यामुळे थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडेच बघावं लागतं. एकमेकांवर चढत असतील तर प्लेट खाली घ्या, तिच्यापासून लांब पसरली असतील तर वर करा. तिसऱ्या बॅचला एका रात्री ॲडॅप्टर बंद पडला. तो कंपनीनं काही न विचारता बदलून दिला, हेही सांगायला हवं.

आणखी एक तक्रार. सेटवर २५ पिल्लं, सहा आठवडे असं लिहिलंय. तिसऱ्या आठवड्यानंतर २० पिल्लांनाही डबा अपुरा पडतो. पुठ्ठ्याचा मोठा खोका जोडून मी जागा वाढवली. पिसांची धूळही तेव्हापासूनच सुरू होते, त्यामुळे खोलीतले कपडे आणि अंथरुणं आधीच हलवा.

धुताना आधी सगळं कोरडं खरवडा, मग साबण, मग स्वच्छ पाणी, आणि त्यानंतरच पातळ केलेलं ब्लीच. विष्ठेवर थेट ब्लीच ओतू नका, अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो. रक्ती हगवणीची बीजं ब्लीचनं मरत नाहीत, त्यांना कडक ऊन आणि पूर्ण कोरडेपणाच लागतो. आणि हे धुणं स्वयंपाकघरात अजिबात नको, पिल्लं ठणठणीत दिसली तरी त्यांच्यात साल्मोनेला, म्हणजे माणसाला हगवण लावणारा जिवाणू, असू शकतो. माझी बादली आणि ब्रश वेगळे आहेत.

डबा आता दोन दिवस उन्हात पालथा आहे. उबवणी मशीनमधल्या पुढच्या बॅचच्या अंड्यांचा आज १८ वा दिवस, फिरवणं सकाळीच बंद केलं. परवा प्लेट चालू करून ठेवायची आहे. जुन्या ड्रिंकरची बाटली फेकली नाही, तिच्यात भुसा मोजून घेते.