चुकाऱ्याच्या दिवसांत गावात येणारं किट

सोयाबीनचा चुकारा हाती आला, कापसाची पहिली-दुसरी वेचणी विकली, की यवतमाळ-वाशीमपासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत गावोगावच्या समाजमंदिरांत 'मोफत आरोग्य तपासणी' लागते. बॅनरवर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला फोटो असतो. प्रत्यक्षात येतात दोन पोरं, एक लॅपटॉप आणि तारेला जोडलेली धातूची दांडी. दांडी मुठीत धरायची, मिनिट-दीड मिनिट थांबायचं, की तीस-चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट तयार. "काकाजी, तुमच्या हाडाइत क्याल्शियम उरलंच नाही पाहा." सोबत गावातलंच कोणीतरी असतं, बचत गटातली बाई नाहीतर निवृत्त मास्तर, म्हणून तोंडावर नाही म्हणणं जड जातं. मग पूरक गोळ्या-पावडरींच्या डब्यांचं साडेआठ-नऊ हजारांचं किट घरात येतं.

आधी ते यंत्र पाहू. दांडी हातात देण्यापूर्वी पोरगा नाव, वय, उंची, वजन विचारतो आणि लॅपटॉपमध्ये भरतो. मेख तिथेच आहे. खात्री करायची असेल तर एकाच माणसाला तासाभराने पुन्हा पाठवा, नाव बदला, वय वीस वर्षांनी वाढवून सांगा. त्याच हाताचा रिपोर्ट वेगळा येईल. हिमोग्लोबिनला सहसा बोटातलं थेंबभर रक्त तरी लागतं. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वासाठी शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. मुठीत धरलेल्या दांडीला फार तर तळहात किती घामेजला आहे ते कळतं.

किटातले घटक बहुतेक वेळा खरे असतात, आणि फसायला होतं ते त्यामुळेच. नेटवर नाव टाकलं की त्या घटकाबद्दल काहीतरी बरं सापडतंच. म्हणून डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची: कोणता घटक, किती मिलिग्रॅम, आणि किती गोळ्यांत मिळून तेवढा.

गुडघ्यांच्या डब्यात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन असतं. याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, निकाल २००६ साली आला. गुडघ्याची झीज झालेले १,५८३ रुग्ण, रोज १,५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन किंवा १,२०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटिन किंवा दोन्ही, २४ आठवडे. एका गटाला औषध नसलेली दिखाऊ गोळी दिली होती. दोन्ही घटक एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्क्यांना आराम पडला, आणि दिखाऊ गोळीवाल्यांपैकी ६० टक्क्यांना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता. "शेजारच्या काकूंना तर फरक पडला" याचं उत्तर त्या ६० टक्क्यांत आहे. शिवाय किट विकलं जातं ते सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर. दिवस-दिवस वाकून केलेलं काम थांबलं की गुडघा तसाही थोडा निवतो, आणि श्रेय डब्याला जातं.

पण दोनच दिवसांत दुखणं पार गेलं, भूक वाढली, महिन्याभरात चेहरा गोल झाला, तर आनंद मानू नका. लेबलावर न लिहिलेलं स्टेरॉइड त्यात असू शकतं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ग्लुकोसामाइनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या तपासल्या, तर त्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिनलेबलाच्या वातपुड्यांवरही हाच संशय घ्यायला हवा. डेक्सामेथासोनने साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. डायक्लोफेनॅकने पोटात रक्तस्राव होतो, किडनीला मार बसतो. यातली सर्वांत मोठी चूक पुढे होते. संशय आला म्हणून माणूस पुडी एकदम फेकून देतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. पुरवठा अचानक तुटला की उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं, प्रसंगी जिवावर बेतणं. म्हणून डबा घेऊन त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा आणि किती दिवस, दिवसाला किती, ते डॉक्टरांना नीट सांगा. मात्रा उतरवत न्यायची असते.

'रक्तवाढ' डब्याचं गणित वेगळं. लेबलावर 'फेरस फ्युमरेट ३० मिलिग्रॅम' असं असेल तर त्यात प्रत्यक्ष लोह त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे १० मिलिग्रॅम. फेरस सल्फेट असेल तर पाचव्या हिश्शाएवढंच. उपकेंद्रात आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, पैसा न लागता. गरोदरपणात ती १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते. त्या गोळीने मळमळ होते, शौच काळं होतं, म्हणून बायका ती सोडतात आणि 'त्रास न देणारा' डबा घेतात. डबा त्रास देत नाही, कारण त्यात लोहच थोडं आहे. काळं शौच हा लोहाचा रंग, त्याची भीती नको. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या; चहा आणि कॅल्शियमची गोळी मात्र दोन तास लांब ठेवा, दोन्हींमुळे लोह शोषलं जात नाही.

विदर्भात या डब्याचा आणखी एक धोका आहे, आणि तो विक्रेता कधीच सांगत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट आणि नागपूरच्या आसपास सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात रक्त कमी असतं ते लाल पेशी विळ्यासारख्या वाकून लवकर फुटतात म्हणून. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकल झालेली दहा-वीस दिवस. फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात ते यकृत-हृदयात साचतं. त्याला वर लोहाचा डबा देणं म्हणजे साचलेल्यात भर. अशा रुग्णाला लोह द्यायचं ते रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासून, खरोखर कमी निघालं तरच. आणि 'हे नैसर्गिक आहे, ते केमिकल बंद करा' असं म्हणून सिकलसेलचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध सोडायला लावलं तर पुढचा वेदनेचा झटका फार लांब नसतो. घरात कोणाचं रक्त वारंवार कमी भरत असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे सिकलसेलची पहिली रक्तचाचणी, करा. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. तपासणीला पैसे पडत नाहीत.

प्रोटीनच्या डब्यावर हसावं की रडावं कळत नाही. मागे पाहिलं तर पहिला घटक 'सोया प्रोटीन आयसोलेट'. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला ४९ रुपये, आणि बऱ्याच शेतकऱ्यांच्या पदरात तेवढेही पडले नाहीत. तेच सोयाबीन चॉकलेटचा वास लावून हजारांच्या भावाने त्याच वावराच्या मालकाकडे परत येतं. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, शेंगदाण्यात सुमारे २५. घरचं सोयाबीन नीट शिजवून किंवा भाजून घ्या, कच्चं दळू नका. कच्च्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात.

बाकीचे डबे लवकर उरकतात. स्पिरुलिना या शेवाळात वजनाच्या सुमारे ६० टक्के प्रथिनं असतात हे खरं, पण दिवसाला चार गोळ्या म्हणजे दोन ग्रॅम, त्यात प्रथिनं सव्वा ग्रॅम. त्यातलं बी-१२ बहुतांशी शरीराच्या उपयोगाचं नसतं. माळकरी, शाकाहारी किंवा बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्या माणसाला बी-१२ खरोखर कमी पडू शकतं. त्यासाठी मेडिकलमधली साधी सायनोकोबालामिनची गोळी पुरते. ओमेगाच्या कॅप्सूलवर पुढे '१,००० मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं, ते माशाच्या तेलाचं वजन. त्यातले कामाचे ओमेगा-३ घटक, ईपीए आणि डीएचए, मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून फारसं रक्तात उतरत नाही, म्हणून त्यात मिऱ्यातलं पायपेरिन घालतात. ते अपस्माराच्या फेनिटॉइनसारख्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, हे कोणी सांगत नाही. अशा तीव्र अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, अश्वगंधेच्या अर्कानेही. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर डबा तिथेच थांबवून तपासणी करा. वायगावची हळद वरणात टाकणं वेगळं आणि तिचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून रोज गिळणं वेगळं.

'विष बाहेर काढणाऱ्या' पावडरीत बहुधा सोनामुखी निघते. ती साधी जुलाबाची वनस्पती. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत रोज जुलाब म्हणजे पाणी आणि पोटॅशियम दोन्ही गेलं. ड जीवनसत्त्वाचे थेंब किटात असतील आणि डॉक्टरांनी ६०,००० युनिटची आठवड्याची पुडीही दिली असेल तर दोन्हींची बेरीज होते. कॅल्शियम वाढलं की तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम, आणि किडनीवर ताण.

सर्वांत जास्त माणसं बिघडतात ती 'शुगर मुळापासून' डब्याने. गुडमार, कारलं, जांभळाच्या बिया, मेथी. सोबत एक कागद देतात: भात कमी, साखरेचा चहा बंद, सकाळी पाऊण तास चालणं. पहिल्या महिन्यात साखर उतरते ती त्या कागदाने, आणि तेवढ्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद होते. मग हळूहळू भातही परत येतो. लहान वयापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांतच तो बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतो. उलट डबा घेतल्यावर घाम, थरथर, पहाटे गुंगी येत असेल तर त्यात ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी गोळी दळून मिसळली असण्याची शक्यता आहे. आधी साखरपाणी द्या, मग डब्यासकट दवाखाना.

गंमत अशी की ज्या पूरक घटकांमागे भक्कम पुरावा आहे ते किटात नसतात. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड, बाळाच्या मणक्यातला दोष टाळायला. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएससोबत १४ दिवस झिंक, रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०. लोहाची लाल गोळी. हे सगळं अंगणवाडी-उपकेंद्रात फुकट मिळतं, त्यामुळे त्यात कमिशन नाही.

कमिशनचंही सांगून टाकू. "दोन जण जोडा, ते दोन जोडतील." दहाव्या पायरीवर एकट्या त्या पायरीचेच १,०२४ जण लागतात, वरचे धरून २,०४७. दीड हजार वस्तीचं गाव तिथेच संपलं, तान्ह्या लेकरांसकट. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार माणसं जोडण्यावर पैसे देणारी अशी साखळी चालवायला बंदी आहे, आणि ओळखपत्र व आधी घेतलेली परवानगी नसताना विक्रेत्याने घरी यायचंही नसतं.

पैसे गेले असतील तर डबे उकिरड्यावर टाकू नका. चारही बाजूंचे फोटो काढा, बॅच क्रमांक आणि चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे. हा क्रमांक म्हणजे खाद्यपदार्थ बनवण्याचा परवाना, आजार बरा करण्याचा नव्हे. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात गुन्हा आहे, म्हणून व्हॉट्सॲपवरचे विक्रेत्यांचे आवाज आणि चिठ्ठ्या पुसू नका. बिल नसेल तर फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद चालते. ग्राहक हेल्पलाइन १९१५, अन्न व औषध प्रशासनाचा फोन १८००२२२३६५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार गेल्याचं कळलं की गावातलाच कोणीतरी डबे परत न्यायला येतो. पैसे हातात पडण्याआधी डबे देऊ नका, आणि एक न उघडलेला डबा घरात राहू द्या.