संगणक कक्षातून वर्गात: वायफाय लॅपटॉपचे आठ महिने

नाशिकमधल्या सातपूरला आमच्या शाळेत जूनपासून वीस लॅपटॉप वर्गावर्गांत फिरताहेत. मी आठवीला भूगोल शिकवते. त्याआधी बरीच वर्षं तळमजल्यावरच्या संगणक कक्षातले डेस्कटॉप वापरले, त्यामुळे दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे.

कक्षात न्यायचं म्हणजे ३५ मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं रांग, जिना आणि चपला काढण्यातच जायची. मशीन भिंतीला लावलेली, म्हणून मला दिसायच्या त्या मुलांच्या पाठी. कोण अडलंय ते कळायचंच नाही. आता मुलं आपापल्या बाकावर असतात, दोघा-तिघांत एक लॅपटॉप. काही सांगायचं असलं की मी "झाकण पाडा" म्हणते, आणि पंचेचाळीस चेहरे समोर येतात. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हाच.

ऑगस्टमधला एक तास तर मी विसरणार नाही. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होता आणि मुलं गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आल्याची बातमी घेऊनच वर्गात शिरली. नाशिकमध्ये गोदावरीचा पूर असाच मोजतात! धडा बाजूला ठेवला आणि लॅपटॉप मागवले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. पाच हजार क्युसेकचा हिशोब मांडून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, "बाई, आमच्या गच्चीवरची टाकी हजार लिटरची आहे. म्हणजे सेकंदाला एकशे एक्केचाळीस टाक्या?" वर्ग एकदम गप्प झाला. हा प्रश्न त्याच वेळी, त्याच बाकावर सुचला. कक्षाची पाळी गुरुवारी आली असती, तोवर पूर ओसरला असता.

तेवढ्यात लाइट गेली. पूर्वी यूपीएस कोकलायला लागला की सगळं सेव्ह करून बंद करायची धावपळ व्हायची. या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिले. नेट मात्र गेलं, कारण राउटर थेट विजेवर होता. त्याच आठवड्यात तो इन्व्हर्टरवर घेतला.

तक्रारीही आहेत. पुरवठादाराने एक राउटर अख्ख्या मजल्याला पुरेल असं छातीठोकपणे सांगितलं होतं. दोन भिंतींपलीकडे रेंज पोचेना. शिवाय एका राउटरवरची सगळी मशीन तोच वेग वाटून घेतात. वीसही ठिकाणी व्हिडिओ लावला की सगळेच अडकतात. केबलवरच्या डेस्कटॉपना एवढा त्रास कधी झाला नाही. आता व्हिडिओ मी आदल्या दिवशीच मशीनवर उतरवून ठेवते.

चार्जिंगचंही शिकावं लागलं. वीस चार्जर एकाच एक्स्टेन्शनवर लावले आणि बोर्ड हाताला चटका बसेल इतका तापला. हे कुणीही करू नका. आम्ही आता दहा-दहाच्या दोन पाळ्या करतो, वेगवेगळ्या पॉइंटवर. दिवाळीच्या सुट्टीत बॅटऱ्या निम्म्या भरून ठेवल्या; पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवल्या तर लवकर खराब होतात.

दुरुस्तीत डेस्कटॉपच सरस. त्याचा कीबोर्ड बिघडला तर दुसरा जोडून काम भागतं. लॅपटॉपची एक कळ उखडली की मशीन दुकानात जातं. आमची दोन गेली. लांबलचक टायपिंगलाही मोठा पडदा आणि सुटा कीबोर्ड बरा, म्हणून सहा डेस्कटॉप कक्षात तसेच ठेवलेत.

पुढच्या जूनसाठी आणखी दहा लॅपटॉप मागितलेत, पण मुख्याध्यापकांना सांगितलंय, आधी प्रत्येक वर्गात चांगले प्लग पॉइंट करून द्या, मग खरेदी.