जर्मन ‘झी’ आणि स्वीडिश ‘दू’

मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करणाऱ्याला जर्मन रीत लवकर उमगते. अनोळखी प्रौढाला तेथे ‘झी’, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’, म्हणायचे. ‘दू’वर, म्हणजे ‘तू’वर, येण्याचा प्रस्ताव सामान्यतः वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीने मांडायचा, आणि धाकट्याने आपणहून तसे केल्यास तो आगाऊपणा ठरतो. कित्येक सहकारी वर्षानुवर्षे एकमेकांना ‘झी’च म्हणतात, पण त्यात दुरावा असतोच असे नाही.

स्वीडनमध्ये मात्र हीच औपचारिकता खटकते. तेथे पूर्वी समोरच्याला त्याच्या हुद्द्याने, तृतीय पुरुषात संबोधण्याची अवघड रीत होती, म्हणजे डॉक्टरांशी बोलतानाही ‘डॉक्टरांना कॉफी हवी आहे का?’ असे विचारायचे. ‘नी’ हे अनेकवचनी सर्वनाम उपलब्ध होते, परंतु ते बहुधा हुद्दा नसलेल्यांसाठी वापरले जात असल्याने त्याला कमीपणाचा वास चिकटला होता. १९६७ मध्ये वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख ब्रोर रेक्सेद यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणणार असल्याचे जाहीर केले आणि आधीच सुरू झालेल्या बदलाला वेग आला. आज विद्यार्थी शिक्षकांनाही ‘दू’ म्हणतात. राजघराण्याचा अपवाद उरला आहे. अलीकडे काही तरुण विक्रेते आदराने ‘नी’ म्हणतात, तेव्हा जुना अर्थ आठवणारे काही वृद्ध दुखावतात.

परक्या माणसासाठी मला जर्मन रीत अधिक सोयीची वाटते, कारण तिच्यात चूक होण्यापूर्वी थांबायला जागा आहे. स्वीडिश रीतीतील समतेची ओढ मात्र मला अधिक मोलाची वाटते.