खराडीचा डॉल्बी सिनेमा: कुठला सुपरहिरोपट तिथे पाहावा आणि कुठल्यासाठी आयमॅक्स गाठावं

नवा सुपरहिरोपट लागला की कट्ट्यावर दोन वाद होतात. एक गोष्टीवर, दुसरा "कुठे बघायचा" यावर. पहिला कधीच मिटत नाही. दुसरा मात्र पुण्यापुरता जुलै २०२५ पासून बराच मिटला आहे, कारण भारतातला पहिला डॉल्बी सिनेमा 'सिटी प्राईड' या चित्रगृहांच्या साखळीने मुंबईत नाही, दिल्लीत नाही, आपल्या खराडीत सुरू केला. आठवडाभरातच 'सुपरमॅन' आला आणि या पडद्याला साजेसं काम मिळालं.

आधी एक घोटाळा दूर करू. दारावर 'डॉल्बी ॲटमॉस' अशी पाटी असलेली चित्रगृहं पुष्कळ आहेत. ती पाटी फक्त आवाजाबद्दल बोलते. डॉल्बी सिनेमा म्हणजे ॲटमॉस आवाज, डॉल्बी व्हिजनचे दोन लेझर प्रोजेक्टर आणि त्यांच्यासाठीच बांधलेलं काळंकुट्ट सभागृह, असं तिन्ही एकत्र. त्यामुळे तिकीट काढताना नुसतं चित्रगृहाचं नाव पाहून पुढे जाऊ नका. तोच चित्रपट त्याच मल्टिप्लेक्समधल्या साध्या पडद्यावरही लागलेला असू शकतो. खेळाच्या वेळेखाली 'डॉल्बी सिनेमा' असं लिहिलेलं दिसलं तरच पैसे भरा.

आता फरक नेमका कशात आहे ते. साध्या डिजिटल पडद्यावर २डी चित्राच्या उजेडाचं ठरलेलं प्रमाण ४८ निट (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक). प्रत्यक्षात तेवढंही सगळीकडे मिळत नाही. झेनॉनचा दिवा जुना होत जातो तसा मंदावतो, प्रोजेक्टरसमोरच्या काचेवर धूळ बसते, आणि ३डीचा खेळ संपल्यावर पोलरायझरची (३डीसाठी प्रोजेक्टरपुढे लावायची) काच बाजूला करायची राहून गेली तर पुढच्या २डी खेळाचा निम्म्याहून जास्त उजेड ती खाते. चित्र मळकट, राखाडी दिसतं आणि लोक दिग्दर्शकाला बोल लावतात. डॉल्बी सिनेमात २डीसाठी सुमारे १०६ निटांचं प्रमाण आहे, म्हणजे दुपटीहून जास्त. पण माझ्या मते खरी कमाई उजेडाची नाही, काळ्या रंगाची आहे. साध्या प्रोजेक्टरमध्ये सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या जागेतलं प्रमाण दोन हजाराला एक असं काहीसं असतं, डॉल्बी ते दहा लाखाला एक सांगते. साध्या पडद्यावर 'काळा' म्हणजे गडद करडा. इथे पडदा पूर्ण काळा झाला की तो कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नाही.

सुपरहिरोपटांना याचा एवढा फायदा का, हे 'द बॅटमॅन' (२०२२) वरून चटकन समजतं. छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर यांनी तो जवळजवळ सगळा अंधारात आणि पावसात टिपला. त्यात अंधाऱ्या कॉरिडॉरमधली एक मारामारी आहे, जिथे उजेड येतो तो फक्त बंदुकांच्या लखलखाटातून. साध्या पडद्यावर दोन लखलखाटांच्या मधलं चित्र करड्या धुक्यासारखं दिसतं आणि प्रसंगाची निम्मी धार जाते. खऱ्या काळ्यावर तोच प्रसंग अंगावर येतो. असा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि या पडद्यावर लागला, तर घरी चार वेळा पाहिलेला असला तरी जावं.

उलट टोकाला 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३). तिथे अंधार कमी आणि रंगांचा भडिमार जास्त, प्रत्येक विश्वाची रंगवण्याची तऱ्हा वेगळी. मुंबत्तनचा (मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेल्या शहराचा) भाग तर गर्द गुलाबी-केशरी. अशा रंगांना उजेड लागतो. उजेड अपुरा पडला की लाल तपकिरी होतो आणि निळा काळवंडतो.

आवाजाचं थोडक्यात. जुन्या ५.१ (पाच स्पीकर वाटा आणि एक खर्जाची) पद्धतीत आवाज ठरावीक वाटांनी जायचा. ॲटमॉसमध्ये एकेक आवाज जागेसकट नोंदवतात, एकावेळी १२८ पर्यंत ध्वनी आणि ६४ पर्यंत स्वतंत्र स्पीकर वाटा, छतावरचे धरून. पाऊस, हेलिकॉप्टर, डोक्यावरून उडत गेलेला नायक यांची जागा कानाला कळते. यात बिघडू शकतं ते एकच: आवाजाची पातळी. प्रेक्षकांच्या तक्रारींमुळे अनेक चित्रगृहं ठरलेल्या पातळीच्या खाली आवाज ठेवतात, मग स्फोट बरे वाटतात पण कुजबुज हरवते. पहिल्या दहा मिनिटांत संवाद ऐकायला कान द्यावा लागत असेल तर मध्यंतराची वाट पाहू नका, लगेच बाहेर जाऊन कर्मचाऱ्यांना सांगा.

आता कुठे हा पडदा कमी पडतो ते, कारण "डॉल्बी सगळ्यात भारी" असं सरसकट म्हणणंही चूकच. प्रश्न चित्राच्या उंचीचा आहे. मार्व्हलचे बरेच चित्रपट एरवी २.३९ रुंदीला १ उंची या लांबट चौकटीत दिसतात, पण आयमॅक्सच्या (उंच, मोठ्या पडद्याच्या पद्धतीच्या) प्रतीत काही प्रसंग किंवा आख्खा चित्रपट १.९० ला १ असा उघडतो. म्हणजे तेवढ्याच रुंदीत २६ टक्के जास्त चित्र, वर आणि खाली. 'अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' (२०१८) आणि 'एंडगेम' (२०१९) हे दोन्ही पूर्णपणे आयमॅक्सच्या कॅमेऱ्यांवर टिपलेले, त्यामुळे आयमॅक्समध्ये अथपासून इतिपर्यंत मोठी चौकट. 'फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स' (२०२५) मध्ये निवडक प्रसंग असे उघडतात. डॉल्बी सिनेमात हे जादा चित्र मिळत नाही. त्यातल्या गॅलॅक्टस या महाकाय खलनायकासारखं उंचच उंच पात्र पाहायचं असेल तर आयमॅक्स, हा माझा साधा नियम.

'सुपरमॅन' (२०२५) ची गोष्ट वेगळी. जेम्स गन यांनी तो सगळ्या पडद्यांसाठी १.८५ च्या चौकटीत ठेवला. १.८५ आणि १.९० मधला फरक डोळ्यांना जाणवतही नाही. म्हणजे उंची गमवावी लागत नाही आणि उजेड-काळोख दोन्ही मिळतात. अशा चित्रपटासाठी खराडीला तोड नाही. त्यामुळे तिकीट काढण्याआधी पाच मिनिटं खर्चून एवढंच शोधा: आयमॅक्समध्ये चौकट बदलते का? बदलत असेल तर आयमॅक्स, नसेल तर डॉल्बी. 'अव्हेंजर्स: डूम्सडे'ची जाहीर तारीख १८ डिसेंबर २०२६ आहे आणि 'ड्यून'चा तिसरा भागही त्याच दिवशी ठेवलेला आहे. अमेरिकेत आयमॅक्सचे पडदे 'ड्यून'कडे गेले आहेत. तसंच इथे झालं तर अव्हेंजर्ससाठी पुणेकरांची पहिली धाव खराडीकडेच असेल.

३डीचं तिकीट घ्यावं का? साध्या चित्रगृहात माझं उत्तर सरळ 'नाही'. गोलाकार पोलरायझेशनच्या चष्म्यातून डोळ्यापर्यंत १५ निटांच्या आसपासच उजेड पोचतो, म्हणजे २डीचा तिसरा हिस्सा. शिवाय त्यासाठी लागणारा चंदेरी पडदा मधोमध चकाकतो आणि कडांना अंधारतो, बाजूच्या खुर्चीवरून तर जास्तच. डॉल्बीच्या पद्धतीत दोन्ही डोळ्यांसाठी लाल-हिरव्या-निळ्याच्या किंचित वेगळ्या तरंगलांबी वापरतात, चष्मा त्या गाळून घेतो, चंदेरी पडदा लागत नाही. त्यांचं ३डीचं प्रमाण ४८ निट, म्हणजे साध्या पडद्यावरच्या चांगल्या २डीएवढं. ३डी पाहायचंच असेल तर असंच पाहावं. तरी सुपरहिरोपट बहुतेक वेळा २डीत चित्रित करून नंतर ३डीत बदललेले असतात, म्हणून दोन्ही खेळ असतील तर मी २डीच सुचवेन.

खुर्ची. पडद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर धरलं तर साधारण दोन तृतीयांश मागे आणि बरोबर मध्ये. चित्र डोळ्यांपुढे किमान ३० अंश पसरलेलं असावं, ३६ च्या पुढे गेलं की खरी मजा. शेवटची रांग टाळा: मागच्या भिंतीवरचे स्पीकर कानाशी येतात आणि ॲटमॉसचा तोल जातो. भिंतीलगतच्या चार खुर्च्यांचंही तेच. पहिल्या शनिवार-रविवारी मधल्या रांगा लगेच भरतात. कोपऱ्यात बसण्यापेक्षा मंगळवार-बुधवारची मधली खुर्ची घ्यावी, गोष्ट फुटण्याची भीती सोसून.

भाषेचा मुद्दा घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला होता आणि त्यात मराठीही होती. त्यातल्या भारतीय स्पायडर-मॅनला, पवित्र प्रभाकरला, मराठीत बोलताना ऐकणं ही पोरांसाठी केवढी गोष्ट! असं दर वेळी व्हायला हवं. एरवी इंग्रजी की हिंदी एवढाच पर्याय असतो, तेव्हा तिकिटावरची भाषा नीट वाचा. प्रमाणपत्रही पाहा. नोव्हेंबर २०२४ पासून यूए चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत आणि त्या वयाखालच्या मुलांना पालकांबरोबर पाहता येतं. 'ए' मध्ये मात्र सवलत नाही: 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' 'ए' होता, आणि सुपरहिरो म्हणजे मुलांचा चित्रपट असं समजून कुटुंबासह गेलात तर दारातून परत यावं लागतं.

तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो, कारण ५ टक्क्यांची सवलत शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटालाच आहे. बाहेरचं खाणं चित्रगृह अडवू शकतं, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. बाटली विकत घ्यायची सक्ती नाही.

कोथरूड-कर्वेनगरकरांची खरी अडचण अंतराची. वनाजहून मेट्रो थेट रामवाडीपर्यंत जाते, पुढे खराडीला रिक्षा किंवा पीएमपी. नगर रस्त्यावर संध्याकाळी गाडी घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त परतीचं गणित आधी करा. सव्वादोन तासांचा चित्रपट, जाहिराती आणि मध्यंतर धरून पावणेतीन तास. मेट्रो रात्री ११ पर्यंतच, म्हणून साडेसहाच्या आसपासचा खेळ सोयीचा. साडेनऊचा घेतलात तर परतताना रिक्षा किंवा स्वतःची गाडी.

आता मालिकांबद्दल, कारण हल्ली निम्मी गोष्ट तिथेच घडते. 'द मार्व्हल्स'च्या आधी 'वांडाव्हिजन' आणि 'मिस मार्व्हल' पाहिलेलं असावं. 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या दुसऱ्या भागाआधी 'वांडाव्हिजन'चे नऊ भाग हवेतच, नाहीतर त्या मालिकेची नायिका वांडा चित्रपटात अशी का वागते ते कळतच नाही. 'फँटॅस्टिक फोर'ला काहीच तयारी लागत नाही. 'पेंग्विन'चे आठ भाग (२०२४) 'द बॅटमॅन'ची गोष्ट संपल्यावर आठवड्याने सुरू होतात, तेव्हा तो चित्रपट आधी.

'पेंग्विन' आणि 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन' या दोन्ही रात्रीच्या मालिका, आणि घरच्या टीव्हीवर "काहीच दिसत नाही" ही तक्रार अशाच मालिकांबद्दल असते. बहुतेक दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. चित्राचा प्रकार 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करा, तीच चित्रपटाला दैनंदिन मालिकेची कळा आणते. वीज वाचवणारा मोड बंद, खोलीतला दिवा टीव्हीच्या मागे. ५५ इंची टीव्हीसमोर साडेसात फुटांहून लांब बसू नका, सहा फूट उत्तम. साउंडबार असेल तर तो ऑप्टिकलच्या तारेने जोडू नका. स्ट्रीमिंगचा ॲटमॉस त्या तारेतून जातच नाही, एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारी एचडीएमआय जोडणी) लागतं. आणि टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर ध्वनीच्या यादीत ५.१ ऐवजी स्टीरिओ निवडून पाहा, संवाद लगेच वर येतात.

शेवटी श्रेयनामावलीचं. खराडीत काय किंवा कुठेही काय, दिवे लागले आणि झाडूवाले आत आले तरी मार्व्हलच्या चित्रपटाला उठायचं नाही. 'थंडरबोल्ट्स'चा अगदी शेवटचा प्रसंग चांगला लांबलचक आहे आणि तो थेट 'फँटॅस्टिक फोर'शी जोडतो. 'गार्डियन्स'च्या दुसऱ्या भागात असे पाच तुकडे आहेत. 'सुपरमॅन'मध्ये दोन. 'एंडगेम'मध्ये प्रसंग नाही, फक्त हातोड्याचे ठोके ऐकू येतात, पहिल्या 'आयर्न मॅन'च्या गुहेची आठवण करून देणारे. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'नंतर काहीच नाही, तिथे खुशाल उठा आणि मेट्रो गाठा.